ऐकू येतं तिला

बुधवार, ३० जुलै २०२५. नंदुरबार.

ही वही भाविकाची. इंग्रजीची, चार रेघांची. सकाळच्या घाईत माझ्या सुनेने, शीलाने, कपड्यांची पिशवी समजून तिचं दप्तरच गाडीत टाकलं, त्यात निघाली. पहिल्या पानावर भाविकाने घरातल्या माणसांबद्दल निबंध लिहायला घेतला आहे. माझ्या वाट्याला एक ओळ आली आहे : आजी पेपर मोठ्याने वाचते आणि मग रागावते. मी वही उलटी करून मागून लिहिते आहे.

मिशनच्या बोर्डिंगात सिस्टर आम्हाला रोज संध्याकाळी दिवस लिहायला लावत. थोडं लिहा, खरं लिहा. लग्नानंतर ते सुटलं. आज इतक्या वर्षांनी पेन धरलं, कारण अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर करण्यासारखं दुसरं काहीच नाही.

सकाळी सहाला भाविका पोटात दुखतं म्हणून उठली. काल नागपंचमीचं पुरण झालं होतं, मला वाटलं तेच बाधलं. मी ओवा दिला. तो तिला गिळता येईना. मग हनुवटी वर करून माझ्याकडे पाहायला लागली आणि नाकातून बोलली, "आजी, मन्हा डोया उघडतस नही." पापण्या अर्ध्यावर लोंबत होत्या. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. माझे धाकटे दीर दगाभाऊ आले, एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हाई त पान लागेल शे."

गावात नवा डॉक्टर आहे, उत्तर प्रदेशातला. हेमकांतने, माझ्या मुलाने, तिला उचलून तिकडे धावत नेलं. मी मागून पोचले आणि दारातूनच म्हटलं, "डॉक्टर, पान लागलंय."

"पत्ता? कौन सा पत्ता खाया?"

त्याला वाटलं पोरीने कसलं तरी विषारी पान खाल्लं. मिठाचं पाणी पाजायला घेतलं, सलाईन लावलं, धोतरा होता का, कण्हेर होती का, विचारत बसला. एक तास गेला. कंपाउंडर आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला, "अरे साहेब, साप! पान म्हणजे साप!"

आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. श्रावणात तर नाहीच. पण मला हिंदी येतं, इंग्रजी येतं. तीन भाषांत तो शब्द मला ठाऊक होता, आणि तोंडातून निघालं पान.

१०८ च्या गाडीत प्रकाशा गावाच्या पुलावर तिचा श्वास गेला. गाडीतला डॉक्टर रबरी फुगा दाबत राहिला. मी खिडकीतून तापीचं पाणी पाहत होते. मला तिच्याकडे पाहता येईना.

आता मशीन लावलं आहे. भाविका नऊ वर्षांची आहे. रात्री ती खाली गोधडीवर झोपली होती.

शीला सकाळपासून माझ्याशी बोललेली नाही. सून फार दमली आहे.


गुरुवार, ३१ जुलै

डॉक्टरीण लहान आहे, माझ्या नातीची मावशी शोभेल एवढी. तिने हेमकांतला आणि मला टेबलासमोर बसवून सांगितलं. मण्यार असणार. ती रात्री अंथरुणात येते, चावलेलं कळतही नाही, खूण राहत नाही. तिचं विष स्नायू बंद पाडतं. आधी पापण्या, मग घसा, मग छाती. "लस दिली आहे. आता मशीनने श्वास देत राहायचं आणि वाट पाहायची. चार दिवस, आठ दिवस, सांगता येत नाही."

"पण ती बेशुद्ध शे ना?" हेमकांतने विचारलं.

"तेच तर. बाहेरून पाहिलं तर काहीच नाही. हात उचला, पडतो. डोळ्यावर बॅटरी मारा, बाहुली हलत नाही. शिकलेलेसुद्धा फसतात. पण मेंदू बऱ्याचदा जागा असतो. तिला ऐकू येत असेल."

हेमकांत उठून गेला. मी बसून राहिले. मी विचारलं, "मशीन नसेल, तर माणूस असं किती वेळ राहतं?"

"श्वास थांबल्यावर फार नाही, आजी. काही मिनिटं."

"आणि थांबायच्या आधी?"

"आधी तो बारीक बारीक होत जातो. छाती हललेली दिसत नाही इतका. काही वेळ तसा चालतो."

"आरशावर धुकं येईल का त्याचं?"

तिला वाटलं मी म्हातारी काहीतरी बडबडते आहे. "आरसा आता कोण धरतं, आजी," ती म्हणाली आणि हसली. चांगली मुलगी आहे.

आतल्या नर्सचं नाव ममता. धडगावकडची, पावरा. सगळे तिला सिस्टर म्हणतात, आणि ती हाक ऐकली की दर वेळी माझी मान पांढऱ्या झग्याच्या शोधात वळते. सिस्टर ममता मला म्हणाली, "बोलत राहा तिच्याशी. ऐकू येतं त्यांना. आमच्या पाड्यावरचा एक जण बरा झाल्यावर माझ्या मागे लागला, सिस्टर, तू ड्युटीवर नवऱ्याशी फोनवर काय भांडतेस ते मला पाठ झालंय."

शीला सगळ्यांना चहा घेऊन आली. माझा कप विसरली.


शुक्रवार, १ ऑगस्ट

भेटीच्या दोन्ही वेळांना मला आत सोडलं. सकाळी भाविकाला पाढे म्हणून दाखवले, बोर्डिंगातली मेरीमातेची गाणी म्हटली, घरच्या मांजरीची पिल्लं मोजून सांगितली. दुपारपर्यंत माझ्याकडचं सगळं बोलणं संपलं. ती तशीच. तोंडात नळी, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या पट्ट्या. पायाला हात लावला तर ऊन होता.

मग मी तिला ठगूची गोष्ट सांगितली. कोणालाच आजवर सांगितली नव्हती. वहीत लिहायचं तर पुरती लिहिते.

ठगू माझी धाकटी बहीण. माझ्या आणि तिच्यामध्ये मायची दोन मुलं दगावली होती, म्हणून हिचं नाव ठगू ठेवलं, मरणाला ठगवायला. एकाहत्तर सालची दिवाळीची सुट्टी होती. मी दहा वर्षांची, ती सहाची. मी बोर्डिंगातून आले की ती माझ्याच गोधडीत शिरायची आणि माझ्या चार इंग्रजी कविता पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायची. त्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखलं. तिच्याही पापण्या लोंबल्या. दुपार व्हायच्या आत ती हलेनाशी झाली.

अंगणभर माणसं होती. माय एकटी म्हणत होती, "अंग ऊन शे. थांबा." आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मिशनच्या शाळेतली पोर! आदल्या वर्षी बोर्डिंगात एक म्हाताऱ्या सिस्टर गेल्या, तेव्हा सिस्टर बेनेडिक्टांनी त्यांच्या नाकाशी आरसा धरलेला मी पाहिला होता. मी आत जाऊन दादांचा, माझ्या वडिलांचा, दाढीचा आरसा आणला. ठगूच्या नाकाशी धरला. फ्रॉकने पुसला, पुन्हा धरला. मग उभी राहून शाळेत उत्तर देतात तसं मोठ्याने म्हटलं, "श्वास नाही."

दिवस मावळायच्या आत तिला तापीच्या काठी पुरलं. लहान मुलांना जाळत नाहीत.

आरसा मी किती वेळ धरला होता ते मला आठवत नाही. रात्रंदिवस आठवून पाहते.

हेही लिहिते. मंगळवारी रात्री भाविका तिच्या कॉटवर झोपत होती. मीच म्हटलं, ये गं खाली माझ्या गोधडीत, आम्ही लहानपणी असंच झोपायचो. दोन्ही वेळा ती मण्यार माझ्याच अंथरुणात आली, आणि दोन्ही वेळा माझ्या शेजारी जी होती तिला घेऊन गेली.

शीला माझ्या बाकावर बसत नाही. पंखा पलीकडच्या बाकावर आहे म्हणून असेल.


शनिवार, २ ऑगस्ट

उद्या कानबाई देवी बसायची. या वर्षी मान आमच्या घराचा आहे. सगळे भाऊबंद जमणार, नैवेद्याच्या रोटांचा गहू दळून ठेवलेला. दगाभाऊ सकाळी अकराला जीपभर माणसं घेऊन आले. आत जाऊन भाविकाला पाहून आले आणि बाहेर येताच टोपी काढली.

"वहिनी, तिनामा आते काय ऱ्हायनं शे? मशीन श्वास लेई ऱ्हायनं. पोर नही."

मी काचेतून भाविकाकडे पाहिलं.

"रविवारे कानबाई बसाडनी. सुतक शे का नही, येवढं त एकदाव ठरू द्या. सुतकमा रोट कया त समदा कुळले बाधतीन."

राग आला की मला अहिराणी सुचत नाही, शाळेतली मराठी येते. "दगाभाऊ, पोरगी जिवंत आहे की नाही, हे तुम्ही रोटांवरून ठरवणार?"

"उनं मिशननं पुस्तक!" ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले. कोणी हसलं नाही, पण कोणी माझ्या बाजूनेही बोललं नाही.

खरी गोष्ट त्यांची नव्हतीच. खरी गोष्ट हेमकांतची होती. तो साखर कारखान्यात हिशेबाला आहे, शांत मुलगा. तीन दिवस तो बॅटरीच्या उजेडात लेकीची बाहुली पाहत होता आणि ती हलत नव्हती. त्याने स्वतःच कागद मागून आणला होता. स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत, असा. तिथेच, तिच्या काचेला लागून उभा राहून तो म्हणाला, "माय, घर लई जाऊ तिले. आपला घरमा जाऊ दे. तठे भगत बी दखी ली. आठे नळ्यास्मा नको."

डॉक्टरीण समजावत होती, अजून वेळ आहे, मी अशी मुलं उठलेली पाहिली आहेत. तो मान हलवत होता आणि सही करायला कागद भिंतीला लावत होता.

तेव्हा मी बोलले. आरसा, माय, अंगणातली माणसं, सगळं. भर व्हरांड्यात, रडत, कोणत्या भाषेत ते आता आठवत नाही. "मी दहा वर्षांची होते आणि मी सांगितलं, श्वास नाही. कोणी मला दोन चापट्या मारून बाजूला केलं नाही. तुम्ही आज तेच करताय. ती आतून ऐकत असेल, हेमकांत. बाप आपल्याला घेऊन निघालाय, हे ऐकत असेल."

सगळे माझ्याकडे भूत पाहिल्यासारखं पाहत होते. हेमकांतने खिशाकडे हात नेला. पेन नव्हतं.

"पेन मन्हाजोडे शे," शीला म्हणाली. पलीकडच्या बाकावरून ती कधी उठून आली कोणाला कळलं नव्हतं. पेन तिने पोलक्यात खोचलं होतं. "आते करा सही. दखस मी."

कोणी केली नाही. दगाभाऊ टोपी घालून म्हणाले, मग कानबाई यंदा त्यांच्याकडे बसवतो, मान पुढच्या वर्षी फेडा. जीप गेली.

शीला जाताना माझ्यापुढे थांबली. "आई, तुम्ही तिले खाले बलायं ते मी इसरनी नही," ती म्हणाली. "पन आज तुम्ही बोलनात." आणि आपल्या बाकावर जाऊन बसली. पंखा त्या बाकावर नाहीच. आज पाहिलं.


रविवार, ३ ऑगस्ट

सकाळी दहा. सिस्टर ममता तिचे पाय पुसत होती. मला खूण करून आत बोलावलं.

"बोला काही."

मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "ऊठ गं माझे बाई, शाळेला उशीर होतोय."

उजव्या पायाचा अंगठा. इतका, की मला वाटलं चादर सरकली. ममता म्हणाली, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. ठगूने, नाही, भाविकाने अंगठा हलवला. दोनदा.

हेमकांत भिंतीशी उकिडवा बसून लहान मुलासारखा रडला.


सोमवार, ४ ऑगस्ट

बाकावर माझ्या शेजारी रेवाबाई असते, खापर गावाच्या वरच्या पाड्यावरची. तिचा नवरा करमसिंग छप्पर शाकारताना पडला, तो आत आहे. तिने कालच आपल्या देवीचे, याहामोगीचे, मूठभर दाणे माझ्या पदरात बांधले होते. मी मेरीमातेचा धावा करते हे तिने ऐकलं आहे. दगाभाऊंचा फोन आला, कानबाईनेच पोर उठवली म्हणून.

रेवाबाई बोटं मोजायला लागली. "तुझी कानबाई, माझी याहामोगी, तुझ्या शाळेची मरियम. तीन बाया कामाला लागल्या, आणि उठवली काय तर एक अंगठा?"

ममता आतून म्हणाली, "आणि माझं मशीन घरी गेलं काय?"

पाच दिवसांनी पहिल्यांदा हसले. मग लाज वाटली. करमसिंगला अजून शुद्ध नाही.


बुधवार, ६ ऑगस्ट

नळी काढली. आवाज नाही, नुसती हवा. पण डोळे उघडे आहेत, काळेभोर. सगळ्यांकडे पाहते. हेमकांतने चमच्याने पाणी पुढे केलं तर तिने तोंड फिरवलं. शीलाच्या हातून प्यायली.

डॉक्टरीण म्हणते, थकवा आहे.


शुक्रवार, ८ ऑगस्ट

आज बोलली. घोगरं, पण पुरतं वाक्य.

शीला खाली औषधं आणायला गेली होती. हेमकांत दारात उभा होता. तो दोन दिवस दारातच असतो, आत येत नाही. भाविकाने त्याच्याकडे पाहून मला जवळ बोलावलं.

"पप्पा माले मरेल समजी घर लई जाई ऱ्हायंतात ना?"

"नाही गं. घाबरले होते."

"माले ऐकू येत व्हतं. मी वरडत व्हती. आतून. कोणलेच ऐकू नही गयं." मग म्हणाली, दगाबाबा रोटांबद्दल बोलत होते. मांजरीची पिल्लं चार नाहीत, पाच आहेत, आजी चुकली. आणि मग म्हणाली, "ठगूले बी ऐकू येत व्हतं का?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

"ती बी आतून वरडी का, आजी? मातीमा?"

मी म्हटलं, पाणी आणते. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि नळाला धरून उभी राहिले. परत गेले तेव्हा ती छताकडे पाहत होती. पापणी हलत नव्हती. मी घाबरून हाक मारली. म्हणाली, "जागीच शे."


सोमवार, ११ ऑगस्ट. घर.

घरी आलो. हेमकांतने रजा घेऊन सगळ्या खोल्यांत लाकडी कॉट आणल्या आहेत, भिंतींच्या फटी सिमेंटने भरल्या आहेत. माझी गोधडी कोणीतरी घडी करून माळ्यावर टाकली आहे. बरं केलं.

निघताना रेवाबाई भेटली नाही. ममता म्हणाली, करमसिंगला परवाच घरी नेलं. मी विचारलं, बरा होऊन? ममता रजिस्टर लिहीत राहिली.


शनिवार, १६ ऑगस्ट

भाविका झोपत नाही.

आधी वाटलं, दवाखान्याची सवय मोडेल. पण ती झोपतच नाही. भिंतीला टेकून बसते. डुलकी लागली की हिसका बसतो आणि बोटांनी पापण्या वर धरते. म्हणते, मिटले की उघडणार नाहीत. दिवसाही तेच. पाच दिवसांत डोळ्यांखाली काळं आलं आहे, काल चालताना पडली, आज ताप आहे. फोनवर डॉक्टरीण म्हणाली, झोप आली नाही तर हिला पुन्हा आणावं लागेल, शरीर अजून कच्चं आहे. झोपेची गोळी द्यायला ती राजी नाही, श्वासाच्या भीतीने.

सगळं करून झालं. दगाभाऊंनी कानबाईच्या पूजेतलं कुंकू आणून लावलं. रेवाबाईचे दाणे उशीखाली ठेवले. मी अंगाईसारखी गाणी म्हटली, आमच्या सिस्टर तापात कपाळावर हात ठेवायच्या तसा ठेवला. माझा हात लागला की तिचे डोळे जास्तच मोठे होतात.

हेमकांतने काल तिच्यापुढे जमिनीवर बसून माफी मागितली. "मी चुकनू, बेटा." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण झोपली नाही.

रोज एकदा तरी विचारते. ठगूला ऐकू येत होतं का. मी दर वेळी काहीतरी काम काढते. माझ्याकडे जे उत्तर आहे ते मुलीला सांगण्यासारखं नाही. आज शीला माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. "आई, तुम्ही तिले ते कसाले सांगं?" भांडायला नाही आली, खरंच विचारत होती. मला वाटलं होतं ती ऐकतच नसेल, एवढं मी म्हणू शकले नाही. तिला ऐकू येतं हे तर मीच सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं.


मंगळवार, १९ ऑगस्ट

आज माय आली.

माय नव्वदीला टेकली आहे. माझ्या भावाकडे असते, प्रकाशाजवळ. चार वर्षांत गावाबाहेर पडली नव्हती. भाविकाच्या आजाराचं कळल्यापासून धोशा लावला होता, शेवटी भावाने आज रिक्षा करून आणलं. दुपारी दोनला उतरली. काठी, डोक्यावरून घट्ट पदर, हातात केळी. पहिलं वाक्य मला, "किती वाळी गयी तू. पोर बिमार शे का तू?"

माय आणि मी ठगूबद्दल कधी बोललो नाही. चौपन्न वर्षांत एकदाही नाही. त्या दिवसानंतर तिने मला आरशाबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि मी पुन्हा बोर्डिंगात गेले तेव्हा माझ्या पेटीत नेहमीसारख्या दशम्या आणि लाडू ठेवले.

भाविका भिंतीला टेकून बसली होती. माय कॉटवर तिच्या शेजारी चढून बसली. केळं सोललं. अर्धं तिला, अर्धं स्वतःला. मला वाटलं भाविका लाजेल. तिने केळं गिळलं आणि सरळ विचारलं,

"मोठी आजी, ठगू तुन्ही आंडेर व्हती ना?"

मी दारात होते. शीला माझ्यामागे. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या मी खाली ठेवला.

"व्हती," माय म्हणाली.

"तिले माती दिधी तव्हय तिले ऐकू येत व्हतं का?"

मायने केळ्याचं साल हळूहळू दुमडलं, पुन्हा दुमडलं. पदराच्या आतून तिचा चेहरा मला अर्धाच दिसत होता. मग ती म्हणाली, "नही."

"तुले काय माहीत?"

"माले नही माहीत त कोनले? मी गयती ना तठे. समदा घर उनात, जेवनात, झोपनात. मी उठनी आन् नदीवर गयी. रातभर तठे बठेल व्हती. जमीनले कान लायेल व्हता." तिने कॉटवर वाकून, उशीला कान लावून दाखवला. इतक्या वयाची बाई. "आसा. सकायलोंग."

"काही ऐकू उनं?"

"पानी ऐकू उनं. नदीनं. आन् किडा. बाकी काहीच नही."

"काहीच नही?"

"बारीकसा आवाज ऱ्हाता तरी माले उना ऱ्हाता, माय शे मी. हाते माती उकरी काढती तिले. ती गयेल व्हती, बाई. आधीच गयेल व्हती. आरसा धरा त्यान्या आधी." हे म्हणताना ती भाविकाकडे पाहत नव्हती. दाराकडे पाहत होती. "तिले काहीच समजनं नही. झोपमाज गयी ती."

भाविका तिच्याकडे सरकली. मग तिने विचारलं, "तू आते मन्हा श्वास ऐकशी?"

"हाव. कान शे मन्हा. आरसा नही लागत माले."

मायने आपला कान तिच्या छातीवर ठेवला, पांढरं डोकं त्या फुलांच्या फ्रॉकवर. भाविकाने बोटं पापण्यांवरून काढली. घड्याळात तीनला दहा कमी होते. तीन वाजता शीलाने माझ्या दंडाला धरून मला हलवलं आणि नुसतं बोटाने दाखवलं. पोर झोपली होती. तोंड उघडं, एक पाय मायच्या मांडीवर. शीलाने माझा दंड सोडला नाही. आम्ही दोघी तशाच दारात उभ्या राहिलो.

साडेसहापर्यंत झोपली. माय साडेतीन तास वाकून होती, हलली नाही.

इथे खरंच लिहायचं, म्हणून लिहिते. त्या रात्री माय कुठेही गेली नव्हती. मला झोप नव्हती. मी हुंदके देत होते, आणि मायने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, माझ्या कानावर तिचा तळवा होता, बाहेरचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून. कोंबडा आरवेपर्यंत तो हात तिथून उठला नाही. ती एकदाही उठली नाही. नदीवर कोणीच गेलं नव्हतं.

संध्याकाळी तिला रिक्षापर्यंत पोचवायला गेले. तिची कंबर धरली होती, तिने काठी माझ्याकडे दिली होती. पायरीवर ती दम घ्यायला थांबली.

मी म्हटलं, "बरं करं माय, तू त्या रातले नदीवर गयनी ते."

मायने माझ्याकडे पाहिलं. मोतीबिंदूचे डोळे, काय दिसलं असेल.

"हाव," म्हणाली. "गयती ना मी."